लोकसभेचे विसर्जन : एक तळटीप
१. येथे अभिप्रेत असलेला प्रसंग १९९९ सालचा होय. मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते, या घटनेच्या ७५व्या अनुच्छेदातील दंडकाची कसोटी लागून अटलबिहारी वाजपेयी यांचा विश्वासदर्शक ठराव १७ एप्रिल रोजी २६९ विरुद्ध २७० अशा अवघ्या एका मताने फेटाळला गेला. आणि पर्यायी सरकार उभे राहण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून, ८५व्या अनुच्छेदान्वये, २६ एप्रिल रोजी लोकसभा बरखास्त केली. अशा विसर्जनाने लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके रद्दबातल होतात. राज्यसभेत मांडलेली व लोकसभेकडे न आलेली विधेयके मात्र कायम राहतात. निवडणुकीनंतर ऑक्टोबरात नवे मंत्रिमंडळ अधिकारारूढ होईपर्यंत जुन्याच मंत्रिमंडळाने काळजीवाहू म्हणून कारभार पाहिला. — संपादक