ध्वनिसंपादनातील आवाज-नियंत्रणाची साधने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुद्रित आवाज किती मोठा ऐकू यावा हे ठरविणे, हे ध्वनिसंपादनातील एक जबाबदारीचे काम होय. हा मोठेपणा कशाने मोजावा, या प्रश्नाला गेल्या नऊ दशकांत मिळालेल्या उत्तरांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

काट्याचा कालखंड :
इ.स. १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी असे दाखविले की, समान तीव्रतेचे सर्व स्वर मानवी कानाला सारखेच मोठे वाटत नाहीत. इ.स. १९३९ मध्ये याच प्रयोगशाळेने एनबीसी व सीबीएस या नभोवाणी कंपन्यांसह 'व्हीयू मीटर' तयार केला. त्याचा काटा संथ असल्याने क्षणिक उसळीपेक्षा सरासरी पातळी दर्शवीत असे.

शिखराचे वर्चस्व :
इ.स. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. डिजिटल मुद्रणात आवाजाला एक निश्चित कमाल मर्यादा असते. ती ओलांडताच ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो व तो मूळ रूपात परत मिळविता येत नाही. साहजिकच संगणकीय संपादनात शिखरमूल्याला महत्त्व आले. 'नॉर्मलाइझ' ही आज्ञा सर्वांत उंच शिखर मर्यादेपर्यंत नेते व उर्वरित आवाज त्याच प्रमाणात वाढविते. परिणामी, व्याख्यानातील एखादी टाळी संपूर्ण व्याख्यानाची पातळी ठरवू लागली. इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑडॅसिटी' या मुक्त आज्ञावलीतील 'एन्व्हलप' साधनाने पातळी ठिकठिकाणी हाताने कमी-अधिक करता येते. तथापि तेथे निर्णय संपादकाच्या कानावरच अवलंबून राहतो. दुसरीकडे, व्यावसायिक संगीतात शिखरे दाबून सरासरी पातळी वाढविण्याची चढाओढ सुरू झाली. इ.स. २००८ मधील मेटालिका या वाद्यवृंदाच्या 'डेथ मॅग्नेटिक' या ध्वनिमुद्रिकेवर याच कारणास्तव टीका झाली.

कानाकडे पुनरागमन :
इ.स. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी 'रीप्लेगेन' ही पद्धत मांडली. तीत मूळ ध्वनी न बदलता पातळीची केवळ नोंद ठेवली जाते व ऐकताना ती लागू होते. इ.स. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 'बीएस १७७०' हे मानक प्रसिद्ध केले. त्यात मोजणीपूर्वी कानाच्या संवेदनशीलतेनुसार स्वरांना कमी-अधिक महत्त्व दिले जाते. इ.स. २०१० मध्ये युरोपीय प्रक्षेपण संघाने 'आर १२८' द्वारे उणे २३ एलयूएफएस ही लक्ष्यपातळी सुचविली व शांत भाग मोजणीतून वगळण्याची सोय केली. त्याच वर्षी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या मोठ्या आवाजाविरुद्ध कायदा संमत झाला.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या साधनांची खरी सुधारणा नव्या कळा वाढविण्यात नसून मोजमाप बदलण्यात आहे. यंत्राच्या मर्यादेऐवजी श्रोत्याचा कान प्रमाण मानला गेला. मात्र सरासरीचे कोणतेही मानक हेतुपुरस्सर हळू उच्चारलेले वाक्य ओळखू शकत नाही. म्हणून मूळ मुद्रण अबाधित राखून नियंत्रणाचा वापर करणे, हेच विवेकाचे ठरते.