आतली डिस्क, बाहेरची डिस्क

हार्ड डिस्क जन्मली ती यंत्राबाहेरच. १९५६ मध्ये आयबीएमच्या रामॅक संगणकासोबत आलेली डिस्क कपाटाएवढी होती: दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि क्षमता जेमतेम ५ मेगाबाइट. १९८० मध्ये सीगेटने तेवढीच क्षमता सव्वापाच इंची डिस्कमध्ये बसवली आणि ती छोट्या संगणकाच्या पोटात शिरली. पुढे यूएसबीमुळे ती पुन्हा सहज बाहेर आली.

वळसंगमध्ये घरातले जुने सातबारे आणि फोटो स्कॅन करून ठेवताना मी हाच प्रवास आठवतो. आतली डिस्क वेगवान; रोजचे काम तिच्यावर. पण चोरी झाली, आग लागली, तर ती संगणकाबरोबरच जाते. बाहेरची हातातून पडू शकते, पण दुसऱ्या घरी नेऊन ठेवता येते.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या पानाची प्रत दुसरीकडे नाही, ते गेले की गेलेच.

म्हणून ‘आतली की बाहेरची?’ असे विचारणाऱ्याला मी दोन्ही घ्यायला सांगतो. मात्र संगणकाला कायम जोडलेली बाहेरची डिस्क आतलीच समजावी.