चिखलीच्या नोंदींचे संदर्भ

या प्रकरणात लेखक, वर्ष व पान कंसात देण्याची सामाजिक शास्त्रांतील रूढ पद्धत पाळली आहे. चिखलीविषयीच्या सरकारी नोंदींना मात्र जिल्हा, प्रांत आणि माहितीचे मूळ वर्षही जोडले आहे. नुसते ‘चिखली’ लिहिल्यास बुलढाण्यातली, पिंपरी-चिंचवडमधली की गुजरातेतली, हे उमगत नाही. शिवाय इथे अभिप्रेत असलेला वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यातला चिखली तालुका तोच राहिला तरी त्याची नोंद ठेवणारे सरकार बदलत गेले. १९०१ ची जनगणना झाली तेव्हा वऱ्हाडचा कारभार वेगळा होता. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताकडे गेला. पुढे १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९१० च्या जिल्हा गॅझेटियरमधली लोकसंख्या १९०१ ची आहे. केवळ प्रकाशनवर्ष दिले, तर ती नऊ वर्षे पुढची समजली जाईल आणि त्यावर बेतलेली तुलना फसेल.

लांबलेल्या कंसांनी वाचनाचा ओघ तुटतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पूर्ण तपशील पहिल्या उल्लेखापुरता ठेवून पुढे संक्षेप वापरला आहे. रूढ पद्धतीत असा फेरफार केल्याने एकरूपता बिघडते, असेही म्हटले जाईल. पण एकरूपता हवी ती वाचकाला मूळ नोंद सापडावी यासाठीच. लेखकाचे विधान स्वतः पडताळून पाहणे हा वाचकाचा हक्क आहे आणि तो जपणे हे संपादकाचे पहिले काम आहे. — संपादक