खडकी–दौंड बिनतारी केंद्रे

हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात समुद्रतारेवाचून थेट तारसंदेश नेणारी पुणे जिल्ह्यातील जोडकेंद्रे. संदेश खडकीहून सुटत आणि विलायतेचे संदेश दौंडला उतरत. उद्घाटन 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले.

साम्राज्याला बिनतारी साखळीने बांधण्याची कल्पना मार्कोनी कंपनीने 1910 मध्ये मांडली. 1912 मध्ये करार झाला, पण काही ब्रिटिश मंत्र्यांनी अमेरिकन मार्कोनी कंपनीचे शेअर घेतल्याचे प्रकरण गाजले आणि पाठोपाठ पहिले महायुद्ध आले. योजना रखडली, हे बरेच झाले. मूळ आराखडा दीर्घलहरींचा होता. त्याला अजस्र यंत्रे आणि शेकडो किलोवॉट वीज लागली असती. मधल्या काळात मार्कोनी व त्याचा सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांनी लघुलहरींचे प्रयोग केले. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो मैल जातात. दिव्यामागे आरसा ठेवावा तशी एरियलमागे तारांची जाळी उभारली, की त्या चहूकडे न विखुरता एकाच दिशेने झोतासारख्या जातात. म्हणून ही ‘बीम’ पद्धत. सुमारे 20 किलोवॉटमध्ये काम भागे. दिवसाची लहरलांबी वेगळी, रात्रीची वेगळी.

प्रक्षेपकाच्या गोंगाटात दुरून येणारा क्षीण संदेश बुडू नये, म्हणून दोन केंद्रांत सुमारे 75 किलोमीटर अंतर ठेवले. इंग्लंडातही हीच तऱ्हा : ग्रिम्सबीजवळ प्रक्षेपण, स्केग्नेसजवळ ग्रहण. खडकी व दौंड ही दोन्ही केंद्रे जमिनीवरील तारांनी मुंबईशी जोडलेली होती. बीमच्या स्वस्त दरांमुळे समुद्रतार कंपन्यांची गिऱ्हाइके तुटली आणि 1929 मध्ये दोन्ही धंदे एका कंपनीत आणावे लागले. 1933 मध्ये मुंबई–लंडन रेडिओ-दूरध्वनी सुरू झाला.

केंद्रे पुणे जिल्ह्यात असली, तरी निजामाच्या राज्यातील मराठवाड्याला दौंड परके नव्हते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली होती. लातूरची सरकी-गळिताची धान्ये याच गाडीने कुर्डुवाडीला जात आणि तिथून पुढे मुंबईकडे जाताना दौंड लागे. नांदेडचा गावराणी कापूसही मुंबईचा भाव पाहूनच विकला जाई. निजामाचे टपाल व तिकिटे वेगळी असली, तरी विलायती बाजाराची खबर मराठवाड्यात मुंबईच्याच वाटेने येई. केंद्रे साम्राज्याच्या कारभारासाठी आणि बड्या पेढ्यांसाठी उभारलेली. दर शब्दाला पैसे मोजून लंडनला तार करणे शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

1 जानेवारी 1947 रोजी ही बिनतारी सेवा सरकारने ताब्यात घेऊन तिचे ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ असे खाते केले. लातूर आणि नांदेड मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्याच अमलाखाली होती.