एका भाडेकरूसाठी अख्खी चाळ बंद

मध्यंतरी शाळेच्या संगणकावर माझा नेहमीचा उर्दू शब्दकोश उघडेना. आमच्या संगणक शिक्षकांनी खटपट करून कारण शोधले. मुलांचा एक गेम बंद करायला फायरवॉलमध्ये नियम घातला होता, पण तो वेबसाइटच्या नावावर नव्हे, आयपी पत्त्यावर. शब्दकोश त्याच पत्त्यावर बिऱ्हाडाला! मला 2006 चा जुलै आठवला.

11 जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. दोनच दिवसांनी दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना काही पाने रोखायला सांगितले. यादीत वीसही नावे नव्हती. त्यातले काही ब्लॉग ब्लॉगस्पॉटवरचे होते आणि तिथले असंख्य ब्लॉग एकाच आयपी पत्त्यावर राहत. नेमके पान अडवणे कंपन्यांना जमेना किंवा त्यांनी तसदी घेतली नाही. अनेकांनी अख्खे ब्लॉगस्पॉटच बंद केले. स्फोटग्रस्तांना मदत मिळावी म्हणून चालवलेले ब्लॉगही त्यात गेले. पत्ता विचारून कर्ज किंवा घर नाकारले गेलेल्या आमच्या लोकांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको.

दोष उमगला तोही गमतीने. ब्लॉगवर लिहिता येत होते, पण लिहिलेले वाचता येत नव्हते. कारण लिहायचे ते ब्लॉगर डॉट कॉमवर, आणि त्याचा पत्ता निराळा. शिवाय एका कंपनीच्या जोडणीवर पान उघडे, दुसरीच्या नाही. म्हणजे बिघाड गूगलकडे नव्हता, मधल्या दारावर होता.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. सप्टेंबर 2003 मध्ये मेघालयातल्या फुटीरवाद्यांशी संबंधित ‘किन्हुन’ हा एकच याहू ग्रुप बंद करायचा होता, तेव्हा देशभर सगळे याहू ग्रुप्स बंद पडले होते. पण तीन वर्षांत नियम लिहिण्याची रीत काही बदलली नाही.

पाकिस्ताननेही 2006 च्या सुरुवातीला डॅनिश व्यंगचित्रांवरून मोजके ब्लॉग रोखताना अख्खे ब्लॉगस्पॉट बंद केले होते. त्यावर तिथल्या ब्लॉगरांनी ‘पीकेब्लॉग्ज’ नावाची पळवाट काढली. जुलैत आपले सरकार कंपन्यांना ‘यादीतलेच रोखा’ असे बजावेपर्यंत आठवडा गेला. तोवर कितीतरी भारतीय आपलेच ब्लॉग त्या पाकिस्तानी खिडकीतून वाचत होते.