जिमसाठी, रनिंगसाठी की वॉकिंगसाठी?

बाबांना मधुमेह होऊन दहा-बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी साखर जरा जास्तच वर गेली आणि डॉक्टरांनी दटावलं, ‘‘रोज अर्धा तास चालायचं. सबबी नकोत.’’ बाबांनी उभं आयुष्य चपलेत काढलं. त्यांनी विचारलं, ‘‘चपलेवर चाललो तर चालेल ना?’’ मी हसलो. त्याच रात्री मोबाइलवरून त्यांच्यासाठी बूट मागवले. मी जिमला घालतो तसेच, जाड फोमचे, चांगले महागातले. नंबर चपलेवरून घेतला.

बारा दिवसांनी आईला बाबांच्या मोज्यावर डाग दिसला. करंगळीच्या बाजूला फोड येऊन फुटला होता. ‘‘दुखलं नाही का?’’ असं विचारल्यावर बाबा म्हणाले, ‘‘मला कळलंच नाही रे.’’ मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात, हे मला ऐकून माहीत होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. ती जखम भरायला दीड महिना लागला. चालणं बंद झालं आणि साखर पुन्हा वर गेली.

मग मी बाबांना घेऊन दुकानात गेलो. तिथल्या पोराने पहिला प्रश्न टाकला, ‘‘जिमसाठी, रनिंगसाठी की वॉकिंगसाठी?’’ एका माणसाला तीन जोड विकायची युक्ती, असंच मला आजवर वाटत आलं होतं. यावेळी मात्र हा प्रश्न आला कुठून, ते शोधायला बसलो. तो थोडा युक्तीचा निघाला आणि बराचसा खरा.

रबर, कॅनव्हास आणि पी.टी.चा तास

खेळाच्या बुटाची गोष्ट रबरापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर म्हणजे नसती कटकट होती. उन्हाळ्यात ते चिकट व्हायचं, थंडीत तडकायचं. १८३९मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला शोध लागला, की रबरात गंधक घालून ते तापवलं तर टिकाऊ आणि लवचिक होतं. १८४४मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण पैसा मिळाला नाही. १८६०मध्ये तो वारला तो कर्जात.

या रबराचा तळ आणि वर कॅनव्हास अशी जोडी इंग्लंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावर फिरण्यासाठी निघाली. पुढे तिला ‘प्लिमसोल’ हे नाव पडलं. जहाजात किती माल भरायचा याची खूण म्हणून बाहेरून जी रेघ ओढतात, तिला सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराचं नाव आहे. बुटाच्या कडेने जाणारी रबराची पट्टी लोकांना तशीच दिसली, असं सांगतात.

हा बूट तुम्ही पाहिलेला आहे. शाळेत पी.टी.ला जे पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचो, ज्यांना आदल्या रात्री ओला खडू फासायचो, ते याच घराण्यातले. बाटा कंपनी १९३०च्या दशकात कोलकात्याजवळ आली, बाटानगर वसलं आणि कॅनव्हासचा स्वस्त बूट गावोगाव पोचला. अमेरिकेत याच कुळातला कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७मध्ये बास्केटबॉलसाठी आला. चक टेलर हा खेळाडू १९२१मध्ये त्या कंपनीत विक्रेता म्हणून लागला आणि पुढे त्याचं नावच बुटावर चढलं.

या सगळ्या बुटांचा तळ सपाट, पातळ होता. टाचेखाली उशी नाही, कमानीला आधार नाही. धावा, उड्या मारा, कवायत करा, बूट एकच. शंभरेक वर्षं जगाचं त्यावर भागलं.

आपल्याकडे तर व्यायामाला बूट लागतो ही कल्पनाच नव्हती. तालमीत शिरताना चपला दाराबाहेर राहायच्या. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, सगळं अनवाणी. लाल माती मऊ असते आणि तिच्यात बोटं रोवून उभं राहता येतं. खाशाबा जाधव गोळेश्वरहून १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा त्यांची गाठ मातीऐवजी मॅटशी पडली. पायाखालची जमीन बदलली की खेळ बदलतो, हे त्यांना तिथे कळलं. १९५२मध्ये हेलसिंकीला त्यांनी मॅटवरच कांस्यपदक मिळवलं.

म्हाताऱ्याने मागे टाकलेला प्रशिक्षक

उशीवाला बूट आला तो डांबरी रस्त्यामुळे. आणि रस्त्यावर साध्या माणसांनी धावायला सुरुवात केली ती अगदी अलीकडे.

बिल बोवरमन हे अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात धावपटूंचे प्रशिक्षक होते. १९६२च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने मध्यमवयीन बायका-पुरुषांना हळूहळू धावायची सवय लावली होती. बोवरमन त्यांच्याबरोबर निघाले. वय ५१, जन्म धावण्याच्या धंद्यात गेलेला. तरी सत्तरी उलटलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा त्यांच्यापुढे निघून गेला. बोवरमन घरी आले ते हे खूळ घेऊनच. त्यांनी गावातल्या लोकांना पळवलं आणि १९६७मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. ते लाखोंनी खपलं. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकनाने मॅरेथॉन जिंकली आणि तिकडे धावण्याची लाटच आली.

आता प्रश्न उभा राहिला, या लोकांच्या पायात काय? मुरलेल्या धावपटूला पातळ बूट चालायचा. पण ऑफिसात बसून बसून पोट सुटलेला चाळिशीचा माणूस डांबरावर पळायला लागला, की त्याच्या पोटऱ्या आणि टाचा बोंब मारायच्या. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय हवेत जातात आणि मग शरीर एका पायावर आदळतं, ते वजनाच्या दुपटी-तिपटीने. तो दणका मऊ करण्यासाठी बोवरमनने टाचेपासून चवड्यापर्यंत फोम घातलेला बूट आखला. १९७१मध्ये तर बायकोच्या वॉफल करायच्या साच्यात त्यांनी रसायन ओतलं. खिळ्यांशिवाय पकड घेणारा तळ त्यांना हवा होता. साच्याला आतून काही लावायला विसरले, त्यामुळे तो पहिल्याच खेपेला चिकटून कायमचा बंद झाला. पण चौकोनी खाचांची ती कल्पना टिकली. ज्या कंपनीत ते भागीदार होते, तिने त्याच वर्षी आपल्या बुटांना नायकी हे नाव दिलं.

म्हणजे आज आपण ज्याला नुसतंच ‘स्पोर्ट्स शूज’ म्हणतो, तो जाड मऊ बूट मुळात एका कामासाठी बनला. कडक रस्त्यावर, सरळ पुढे, धावण्यासाठी.

जिममध्ये तो का डळमळतो

हाच बूट घालून आपण जिममध्ये बारबेल खांद्यावर घेतो. फोमचं काम दबणं, म्हणून तो दबतो. एका बाजूला जास्त दबला की घोटा कलतो, घोट्यामागून गुडघा आत येतो. गादीवर उभं राहून वजन उचलण्यासारखंच हे. वेटलिफ्टर लोकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. त्यांच्या बुटाचा तळ कडक असतो आणि टाच दोनेक सेंटीमीटर उंच, म्हणजे खोल बसताना घोट्याला सोपं जातं. डेडलिफ्टवाले याउलट टाच जमिनीजवळ ठेवतात, त्यामुळे त्यांच्यातले कित्येक अजूनही तो जुना सपाट कॅनव्हासचा बूटच घालतात. १९१७मधला बास्केटबॉलचा बूट आज बास्केटबॉलच्या मैदानावर जवळपास दिसत नाही, पण जिममध्ये दिसतो.

जिमचा स्वतःचा बूट १९८०च्या दशकात आला. तेव्हा अमेरिकेत एरोबिक्सचे वर्ग फुलले होते. त्यात मुख्यतः बायका होत्या आणि बूट कंपन्यांना त्या गिऱ्हाईक म्हणून दिसतच नव्हत्या. १९८२मध्ये रिबॉकने खास त्यांच्यासाठी मऊ चामड्याचा हलका ‘फ्रीस्टाइल’ काढला आणि तो धडाक्यात खपला. मग १९८७मध्ये नायकीचा ‘एअर ट्रेनर’ आला. त्याचा आराखडा करणाऱ्या टिंकर हॅटफिल्ड यांनी जिममध्ये पाहिलं, की लोक धावण्याचा एक आणि इतर खेळांचा दुसरा असे जोड घेऊन येतात. त्यांनी एकाच बुटात तडजोड केली. थोडी उशी, बुटकी टाच आणि पाय आडवा घसरू नये म्हणून चवड्यावर पट्टा. ‘क्रॉस ट्रेनर’ म्हणतात तो हाच.

तुमचं जिम म्हणजे वजनं, उड्या आणि शेवटी दहा मिनिटं ट्रेडमिल असेल, तर ही तडजोड बरी. तासभर ट्रेडमिलच असेल, तर धावण्याचा बूट घ्या. नुसती वजनं असतील, तर सपाट आणि कडक तळ. तो महागच असायला हवा असं नाही.

जाहिरातींची लाट आणि अनवाणी बाई

चालण्याला बाजाराने उशिरा गाठलं. रोजची १०,००० पावलं हा आकडासुद्धा दवाखान्यातून आला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होती. नंतर तर नुसतं चाललात तरी मांड्या आवळतील असं सांगणारे गोल तळाचे बूट आले. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने पुरावा मागितला. २०११मध्ये रिबॉकने अडीच कोटी आणि २०१२मध्ये स्केचर्सने चार कोटी डॉलर देऊन ती प्रकरणं मिटवली.

मग लंबक उलटा फिरला. २००९च्या सुमाराला बूटच वाईट, माणूस अनवाणी धावायला जन्मलाय, अशी हवा झाली. दाखला म्हणून इथिओपियाचा अबेबे बिकिला होताच. त्याने १९६०मध्ये रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती. पण तोच बिकिला १९६४मध्ये टोकियोत बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, हे सांगायला लोक विसरायचे. पाच बोटांचे पातळ बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीनेही २०१४मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन आपल्या दाव्यांवरचा खटला मिटवला.

त्याच सुमाराला बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. आपण तो फोटो फॉरवर्ड केला, ‘बूट काय करायचेत’ असंही कोणी लिहिलं. त्यांच्यासाठी अनवाणी असणं ही काही निवड नव्हती. सावरपाड्याच्या कविता राऊतनेही सुरुवात अनवाणीच केली आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं ते बूट घालून. पायांना सवय असते हे खरं, पण गरिबीला व्यायामाचं शास्त्र म्हणू नये.

पायालाच विचारा, पण

मग बूट निवडायचा कसा? दुकानात पाऊल तपासून ‘तुमची कमान सपाट आहे, हा बूट घ्या’ असं सांगतात. ही पद्धत अमेरिकी लष्कराने आपल्या हजारो नव्या भरतीवर तपासून पाहिली. काहींना कमानीप्रमाणे बूट दिले, काहींना कमान न बघता सरसकट एकच प्रकार. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. २०१५मध्ये कॅलगरी विद्यापीठाच्या बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की घालताक्षणी जो बरा वाटतो तोच बहुधा तुमच्या चालीला मानवतो. इतक्या खटाटोपानंतर उत्तर मिळालं ते कुठल्याही चांभाराने दिलं असतं. घालून बघा, चालून बघा.

म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत घालून उभं राहावं. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि करंगळीला कुठे दाब नको. चालण्याचा बूट हातात वाकवला तर चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाच आत उचलली जाऊ नये.

पण जो पाय बोलतच नाही, त्याला विचारायचं कसं? बाबांना प्रत्येक बूट ‘बराच’ वाटत होता. मग दुकानातल्या त्या पोराने एक साधी गोष्ट केली. बाबांना कागदावर उभं करून पेन्सिलीने पावलाची आउटलाइन काढली आणि बुटातली आतली पट्टी काढून तिच्यावर ठेवली. माझ्या निवडीचा बूट करंगळीकडे जवळजवळ बोटभर अरुंद निघाला असता. आम्ही रुंद पंज्याचा, आतून शिवण नसलेला, साध्या किमतीचा चालण्याचा जोड घेतला. पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं चालायचं ठरलं.

आता बाबा रोज सकाळी चालून येतात. बूट घालण्याआधी ते आत हात घालून खडा वगैरे बघतात. आल्यावर मोजे काढून पाय माझ्यापुढे करतात. एरवी माझ्यापुढे पाय लांब करून बसणारा हा माणूस नव्हे, म्हणून पहिले काही दिवस दोघांनाही अवघड वाटलं. मी बोटांच्या बेचक्यात बघतो, टाच बघतो, करंगळीची बाजू दोनदा बघतो. त्यांच्या पायाला जे कळत नाही, ते सध्या माझ्या डोळ्यांना बघावं लागतं.