कटिशूल, हाडवैद्य आणि सुई

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातून पावसाळा सरल्यावर हजारो आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जातात. यान ब्रेमन यांनी १९७० नंतरच्या दशकात बारडोली परिसरातील या खानदेशी मजुरांचा अभ्यास केला. ऊस बुडाशी तोडावा लागत असल्याने दिवसभर कमरेत वाकणे आणि मग मोळ्या वाहणे, असे या श्रमाचे स्वरूप आहे. अशा माणसाच्या कमरेत उसण भरली की उपाय कोणता, याचा इतिहास प्रस्तुत टिपणात पाहावयाचा आहे.

मराठी मुलखात या दुखण्यावर हाडवैद्याचे चोळणे व झटका देऊन सांधा 'बसविणे' परिचित आहे. पायांकडून जन्मलेल्या 'पायाळू' व्यक्तीच्या पायाचा स्पर्श झाला की उसण जाते, ही समजूतही सर्वत्र आढळते. तिला केवळ भाबडेपणा म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. तिचा विचार पुढे येईल.

युरोपातही हाडे बसविणारे लोक वैद्यकाच्या उंबरठ्याबाहेरच होते. १८६७ मध्ये जेम्स पॅजेट यांनी त्यांच्या हातून बऱ्या होणाऱ्या रुग्णांवर व्याख्यान दिले. रिचर्ड हटन या अशाच कारागिरावर डॉ. हूड यांनी मोफत उपचार केले होते. त्याची उतराई म्हणून हटनने आपली विद्या त्यांचा मुलगा व्हार्टन यास शिकविली. ती १८७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आमच्या हाडवैद्यांना असा व्हार्टन हूड लाभला नाही.

सुईचा मार्ग निराळा. १९०१ मध्ये पॅरिस येथे सिकार व कातलँ यांनी, स्वतंत्रपणे, त्रिकास्थीच्या छिद्रातून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडले. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील सरकलेल्या चकतीचा संबंध पायात उतरणाऱ्या कळेशी जोडला. १९५२ पासून त्याच पोकळीत स्टेरॉइड देण्यास आरंभ झाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील जेम्स सिरिॲक्स यांनी मात्र हाताचा झटका आणि सुई या दोन्ही गोष्टी एकाच चिकित्सेत आणल्या. चरकाने गृध्रसीसाठी सांगितलेल्या सिरावेधात या सुईचे मूळ शोधणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सिरावेधात काढावयाचे असते, येथे घालावयाचे.

खरा प्रश्न श्रेयाचा आहे. अचानक उद्भवलेला साधा कटिशूल बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्या अवधीत जो हात लावील, मग तो पायाळू असो, हाडवैद्य असो वा डॉक्टर, त्याला यश मिळते. २०२० मधील कॉक्रेन समीक्षेनुसार पायात उतरणाऱ्या कळेवर स्टेरॉइडच्या सुईचा लाभ अल्प व अल्पकालीन आहे. तेव्हा बऱ्या झालेल्यांच्या साक्षीवरून कोणत्याही उपचाराचा इतिहास लिहिणे धोक्याचे होय.

परंतु उचल घेतलेल्या मजुराला काही आठवडे कोठून मिळणार? दोन दिवसांची उसंत देणारी सुई त्याला बरे करीत नाही, फडावर परत पाठविते. आणि म्हणूनच ती त्याला हवी असते. रुग्णालयाच्या नोंदीत हे दिसत नाही आणि हाडवैद्य नोंद ठेवीत नाही. मुकादमांच्या जुन्या वह्या जेथे हाती लागतील, तेथे उचलीच्या आकड्यांबरोबर खाडेही वाचावेत.